यामाहाच्या खुणेतले तीन काटे कशाचे? गाडीला नाव देणाऱ्या पेटीवाल्याची गोष्ट

आरएक्स हंड्रेड माहीत नाही असा माणूस आपल्या तालुक्यात सापडायचा नाही. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो. १९८५ ला ती भारतात आली, १९९६ ला बनायची बंद झाली, तरी चांगली ठेवलेली गाडी मालक आजही सहजासहजी विकत नाही. पण यामाहाच्या गोल खुणेत तीन काटे एकमेकांवर ठेवलेत ते कशाचे, हे पारावर विचारून बघा. कुणाला सांगता येत नाही.

ते नादकाटे आहेत. शाळेत विज्ञानाच्या तासाला सर रबरावर आपटून कानाजवळ धरायचे, तेच. मोटारसायकलवर नादकाटा कशाला? कारण ज्याच्या नावाची ही गाडी, त्या तोराकुसु यामाहानं जन्मात मोटारसायकल बनवली नाही. तो पेटी बनवणारा होता.

जन्म १८५१ चा, जपानच्या किशू संस्थानातला. घर सामुराईचं. वडील संस्थानात ग्रहताऱ्यांचं गणित आणि मोजणीचं काम बघायचे. तोराकुसु सतरा वर्षांचा असताना राज्यच बदललं आणि सामुराईंचे दिवस गेले. मग तो नागासाकीला घड्याळाचं काम शिकला, ओसाकाला दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला लागला आणि हेच करत हामामात्सु गावात पोचला. (सुझुकी आणि होंडा या कंपन्याही पुढं याच गावात सुरू झाल्या. पाण्यात काहीतरी असावं.)

१८८७ ला तिथल्या शाळेतली पेटी बंद पडली. अमेरिकेहून आलेली, पायानं भाता मारायची. आपल्या संगीत नाटकात ऑर्गन असायचा, त्या जातीची. किंमत ४५ येन. त्यानं उघडली तर आत दोन स्प्रिंगा तुटलेल्या. त्या बसवल्या, पेटी वाजायला लागली. दुसरा कुणी मजुरी घेऊन घरी गेला असता. यानं आतल्या भागांची चित्रं काढून घेतली. त्याचा हिशेब असा, की हीच वस्तू आपण ३ येनात बनवू!

किसाबुरो कावाई नावाचा धातूचं नक्षीकाम करणारा कारागीर जोडीला घेतला आणि दोन महिन्यांत पेटी उभी केली. पण तिचा पक्का निकाल तोक्योच्या संगीत संस्थेतच लागणार होता. अंतर अडीचशे किलोमीटर. तिकडं जाणारी रेल्वे अजून पुरी झालेली नव्हती. दोघांनी पेटी दांड्याला बांधली, टोकं खांद्यावर घेतली आणि हाकोनेचा डोंगर ओलांडून चालत गेले.

तिथं पेटी नापास झाली. बांधणी चांगली, पण सूर चुकीचे.

आमच्याकडं बाहेरचं पेरणी यंत्र बघून तसंच बनवणारे हुशार मिस्त्री आहेत. यंत्र डिट्टो दिसतं, पण बी सारखं पडत नाही. कुठं दाट, कुठं रिकामं. मिस्त्रीला बोललं की तो रानाला नावं ठेवतो. यामाहाचं तेच झालं होतं. सांगाडा उतरवला, पण सूर कसा लागतो हे कळलेलं नव्हतं. फरक एवढाच, की त्यानं कुणाला नावं ठेवली नाहीत. संस्थेचे प्रमुख शुजी इसावा यांनी वर्गात बसायची परवानगी दिली आणि छत्तिशीतला हा गडी महिनाभर विद्यार्थ्यांसारखा सुराचं शास्त्र शिकला. नादकाटा त्याच्या हातात आला तो तेव्हा. परत येऊन दुसरी पेटी केली. ती पास झाली.

पुढं १८९७ ला निप्पोन गाक्की ही कंपनी निघाली, तो तिचा पहिला अध्यक्ष. पुढच्याच वर्षी नादकाटा कंपनीची खूण झाला. १८९९ ला अमेरिकेत जाऊन पियानोचे कारखाने बघितले, १९०० ला स्वतःचा पियानो काढला. ८ ऑगस्ट १९१६ ला तो वारला.

मोटारसायकल त्याच्या पश्चात जवळपास चाळीस वर्षांनी आली. मधल्या काळात कारखान्यात विमानाचे पंखे झाले, पहिल्यांदा लाकडाचे. युद्ध संपल्यावर त्यासाठीची यंत्रं पडून होती. त्यांचं काय करायचं यातून १९५५ ला १२५ सीसीची पहिली गाडी निघाली आणि त्याच वर्षी फुजी पर्वत चढायची शर्यत जिंकली.

तिथून तीस-एक वर्षांत कंपनी एफजे १२०० पर्यंत पोचली. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, हवेवर थंड होणारं इंजिन. युरोपातल्या मोठ्या रस्त्यांवर दिवसभर वेगात पळवायची लांब पल्ल्याची गाडी. तासन् तास चालवलं की हँडलमधून कंप येऊन हाताला मुंग्या येतात, हे आपल्या गाड्यांवरही कळतं. १९९१ च्या एफजेला इंजिन रबरावर बसवलं, ते कंप कमी जाणवावा म्हणून. म्हातारा पितळेच्या पट्टीचा कंप नीट लावत होता, हे लोखंडाचा कंप आवरत होते.

पियानो आणि गाड्यांच्या कंपन्या आता वेगळ्या आहेत, पण तीन नादकाटे दोघींकडं आहेत. गाडीच्या खुणेत काट्यांची टोकं बाहेरच्या कड्याला टेकतात, पियानोच्या खुणेत कड्याच्या आतच राहतात. यामाहा उभी दिसली तर जरा वाकून बघा.