आधी लगाम, मग घोडा

एन्रिको फर्मी म्हटले की बहुतेकांना अणुबॉम्ब आठवतो. मला मात्र आठवतात लाकडी पट्ट्यांवर ठोकलेले कॅडमियमचे पत्रे.

1901 साली रोममध्ये जन्मलेल्या फर्मींना 1938 चे नोबेल मिळाले. पत्नी लॉरा ज्यू. मुसोलिनीचे वंशवादी कायदे आल्यामुळे स्टॉकहोमहून हे कुटुंब घरी न परतता अमेरिकेला गेले. तिथे ध्यास होता युरेनियमच्या साखळी-प्रक्रियेचा. ग्रॅफाइटमध्ये किंचित बोरॉन असले तरी ते न्यूट्रॉन गिळून टाकी, म्हणून मुद्दाम शुद्ध ग्रॅफाइट बनवून घेतले. आणि तितकाच खादाड कॅडमियम लगाम म्हणून निवडला.

2 डिसेंबर 1942. शिकागो विद्यापीठाच्या स्टेडियमखाली शेवटची पट्टी टप्प्याटप्प्याने बाहेर निघत होती. सकाळी सुरक्षा-कांडी आपोआप खाली पडली; तिची मर्यादा फारच कमी ठेवली होती. फर्मींनी शांतपणे सगळ्यांना जेवायला नेले! दुपारी 3 वाजून 25 मिनिटांनी भट्टी चेतली आणि 28 मिनिटांनी कॅडमियमनेच विझवली.

1944 मध्ये हॅनफर्डची भट्टी मात्र कुणी न विझवता विझली. विखंडनातून उपजलेला झेनॉन न्यूट्रॉन खात होता. शोषक असे न बोलावताही येतात! जादा युरेनियम भरून ती अडचण निवारली.

1954 मध्ये, अवघ्या 53 व्या वर्षी, कर्करोगाने फर्मी गेले. 1969 मध्ये सुरू झालेल्या आपल्या तारापूरच्या भट्ट्यांत लगाम आला बोरॉन कार्बाइडचा. द्रव्य बदलले, धडा तोच. पेटवण्याची हौस सर्वांनाच असते; विझवण्याची सोय आधी करणारा माणूस मला अधिक मोठा वाटतो.