दडवलेल्या दुखण्यांना उत्तरे देणारे र. धों. कर्वे

पन्नाशी ओलांडलेला पुरुष साखर, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी पारावरही मोकळेपणाने बोलतो. लैंगिक तक्रार मात्र तो ना डॉक्टरांना सांगतो, ना बायकोला. नांदेड असो की लातूर, बसस्थानकाजवळच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘मर्दानी ताकद’ यांच्या जाहिराती अजूनही रंगवल्या जातात, त्या याच अबोल्याच्या जोरावर. हा अबोला रोगापेक्षा जास्त नुकसान करतो, हे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने ओळखले होते. तो डॉक्टर नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना, 1891 मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी बाळंतपणात बाई दगावणे ही घरोघरची गोष्ट होती. पुढे संततिनियमन हेच ज्याचे जीवितकार्य झाले, त्याच्या बालपणी हा घाव बसलेला होता.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेला हा मुलगा 1899 साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. फर्ग्युसन महाविद्यालयातून 1904 मध्ये पदवी मिळाली. गणिताच्या पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा चांगली अवगत असल्याने युरोपात लैंगिक विज्ञानावर होत असलेले लेखन त्यांना थेट वाचता आले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवत. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. ते भारतातले पहिले मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. कर्वे आपली मते जाहीरपणे मांडू लागले तेव्हा मिशनरी महाविद्यालयाला ती मानवली नाहीत आणि नोकरी सोडावी लागली.

15 जुलै 1927 रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. ते तोट्यातच चालले. घर चालवायला पत्नी मालतीबाईंच्या नोकरीचा आधार होता. या दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले. जे लोकांना सांगायचे ते आधी आपल्या घरात करायचे, हा त्यांचा शिरस्ता होता.

मासिकातला सर्वांत धाडसी भाग म्हणजे वाचकांची प्रश्नोत्तरे. जे प्रश्न लोक कुठेच विचारू शकत नसत, ते पत्राने कर्व्यांकडे येत. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवर ते उपदेश न करता सरळ माहिती देत. ब्रह्मचर्याने शक्ती साठते ही समजूत त्यांना मान्य नव्हती. त्या काळी गांधीजींसारखा नेता ब्रह्मचर्याचा पुरस्कार करत असताना कर्वे त्याला उघड विरोध करत होते.

‘धातू जाणे’ ही भीती आजही गावोगाव आहे. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब तयार होतो, अशी समजूत तिच्या मुळाशी असते. शरीरशास्त्रात तिला आधार नाही. वीर्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथी यांतून पाझरणारा द्रव असतो आणि तो सतत तयार होत राहतो. एका वेळी तो साधारण दीड ते पाच मिलिलिटर एवढाच असतो. तो गेल्याने अशक्तपणा येत नाही, पण भीतीने मात्र येतो. 1960 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी या भीतीतून होणाऱ्या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले.

कर्व्यांच्या काळात युरोपातही म्हातारपण परतवण्याचे वेड पसरले होते. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ हे सर्जन 1920 पासून वयस्क पुरुषांच्या शरीरात माकडाच्या वृषणाचे तुकडे बसवत होते. व्हिएन्नाचे ऑयगेन श्टाइनाख शुक्रवाहिनी बांधून तारुण्य परत येते असे सांगत. पैसेवाले लोक रांगा लावत होते. हे दोन्ही उपाय पुढे निरुपयोगी ठरले. भिंतीवरच्या जाहिरातीतली पुडी ही त्याच लोभाची स्वस्त आवृत्ती आहे.

1931 मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि 100 रुपये दंड बसला. 1934 मध्ये पुन्हा अटक झाली, ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, आणि वाचकाच्या मनात विकृत समजूत असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. न्यायालयाने तो मानला नाही. 200 रुपये दंड झाला. कर्वे हरले, पण पुढच्या अंकात प्रश्नोत्तरे चालूच राहिली.

त्या प्रश्नोत्तरांची गरज आज उतारवयातल्या पुरुषांना सर्वांत जास्त आहे. वय वाढते तसे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक हळूहळू, वर्षाला साधारण एक टक्क्याने कमी होते. उत्तेजना यायला वेळ लागतो. हे वयाचे लक्षण आहे, रोग नव्हे. ताठरता वारंवार येतच नसेल किंवा टिकत नसेल, तर मात्र ती रक्तवाहिन्यांची तक्रार असू शकते. शिश्नाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन ते चार. चरबी साचून वाहिन्या अरुंद होऊ लागल्या की आधी बारीक धमनी बोलते. म्हणून ही तक्रार कित्येकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसते. ती लपवणे म्हणजे हृदयाने आगाऊ पाठवलेला निरोप फाडून टाकणे आहे.

मधुमेह, उच्च रक्तदाब, विडी-सिगारेट, तंबाखू, दारू, वाढलेले पोट आणि नैराश्य ही यामागची नेहमीची कारणे. रक्तदाबाच्या किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असे होते. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. 1998 पासून मिळणारी सिल्डेनाफिलसारखी औषधे अनेकांना उपयोगी पडतात. पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच औषध न सांगता मिसळलेले अनेकदा सापडले आहे. रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे हे बहुधा प्रोस्टेट वाढल्याचे लक्षण असते, लघवीतून रक्त जात असेल तर तपासणी लांबवू नये. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी संबंध कायमचे सोडण्याचे कारण नसते. दम न लागता, छाती न दुखता दोन जिने चढता येत असतील, तर बहुतेकांना डॉक्टरांच्या सल्ल्याने ते सुरू करता येतात.

स्त्रीलाही पुरुषाइतकाच सुखाचा हक्क आहे, हे कर्वे त्या काळात ठामपणे मांडत होते. पाळी गेल्यावर स्त्रीला कोरडेपणामुळे संबंध दुखरे होतात. त्यावर साधे उपाय आहेत. नवऱ्याला वाटते बायकोला इच्छा नाही, बायकोला वाटते नवऱ्याचे मन उडाले, आणि दोघांचेही खरे दुखणे शरीरात असते. एकमेकांशी बोलणे हा उपचाराचाच भाग आहे.

1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो जगातला पहिला. ज्या कामापायी कर्व्यांना नोकरी गमवावी लागली, ते आता सरकारी धोरण झाले होते. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी, ते गेले. वडील अण्णासाहेब तेव्हा 95 वर्षांचे होते. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि 26 वर्षांचे ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. पुढे अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट केला. मराठवाड्यातले नाटककार अजित दळवी यांनी त्यांच्या खटल्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले.

कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्याजवळ विचारायला दुसरी जागा नव्हती. आज आहे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय संस्था आहे. तिथल्या मेडिसिन, शस्त्रक्रिया किंवा मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात केसपेपर काढून ही तक्रार सांगता येते. सोबत साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, चालू गोळ्यांची चिठ्ठी न्यावी, आणि जमल्यास पत्नीलाही बरोबर न्यावे.