फॅनीचा रविवार

रविवारची सकाळ आपल्या घरात कशी असते, ते मी तुम्हाला काय सांगणार! नाश्त्याला काहीतरी वेगळं हवं, आठवड्याचे साठलेले कपडे, मुलांची न्हाणी, त्यात दुपारी कुणीतरी जेवायला. सुट्टी सगळ्यांना, आपल्याला सोडून. म्हणूनच की काय, मला ही गोष्ट फार जवळची वाटते. जर्मनीतल्या बर्लिन शहरात एक बाई होऊन गेली. तिला आयुष्यात जे काही स्वतःचं म्हणून मिळालं, ते रविवारीच मिळालं. तिचं नाव फॅनी मेंडेलसोन.

तिच्या भावाचं, फेलिक्सचं, संगीत तुम्ही ऐकलेलं आहे. चर्चमध्ये लग्न लागल्यावर नवरा-नवरी बाहेर पडतात तेव्हा जी धून वाजते, सिनेमातही हमखास वाजते, ती त्याची. फॅनी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. जन्म १८०५ चा, हॅम्बुर्गचा. वडील बँकर, घर श्रीमंत, शिक्षणाला मान असलेलं. पियानोचे पहिले धडे आईनेच दिले. पुढे दोघं बहीणभाऊ एकाच गुरूकडे शिकले. तेरा वर्षांची असताना फॅनीने वडिलांसाठी बाखच्या चोवीस रचना पाठ वाजवून दाखवल्या, कागद समोर न ठेवता. बुद्धी दोघांना सारखीच, शिक्षण सारखंच. मग वाटा वेगळ्या कुठे झाल्या?

१८२० साली वडिलांनी चौदा वर्षांच्या लेकीला पत्रातून समजावलं, की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो फक्त दागिनाच राहणार. वडील काही वाईट नव्हते हो. मुलीवर त्यांची माया होती. पण चांगल्या घरातल्या मुलीने चारचौघांत वाजवणं, पैसे घेणं, नाव छापून आणणं त्यांना शोभणारं वाटत नव्हतं. मग फेलिक्स देशोदेशी हिंडला, आणि फॅनी घरी राहून त्याची पत्रं वाचत राहिली. तिची सहा गाणी छापली गेली, तीही फेलिक्सच्या नावावर, त्याच्या गाण्यांमध्ये मिसळून. १८४२ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने त्याच्यासमोर त्याच्या पुस्तकातलं आपलं आवडतं गाणं गायलं, तेव्हा त्याला कबूल करावं लागलं, की हे माझं नाही, बहिणीचं आहे.

१८२९ साली चित्रकार विल्हेल्म हेन्सेलशी तिचं लग्न झालं. लग्नात वाजवायची एक रचना फेलिक्स लिहून देणार होता, पण लंडनमध्ये गाडीच्या अपघातात तो जखमी झाला आणि येऊ शकला नाही. मग लग्नाच्या आदल्या रात्री नवरीनेच बसून ती लिहिली! नवरा मात्र तिला भला मिळाला. तिने लिहावं, छापावं, असा आग्रह धरणारा. पुढच्या वर्षी मुलगा झाला. संसार माहेरच्याच आवारात, लायपझिगर स्ट्रासेवरच्या मोठ्या घरामागच्या बागेतल्या घरात.

तिथेच होतं बागेकडे उघडणारं मोठं दालन. पूर्वी आई-वडिलांनी मुलांना, त्यातही फेलिक्सला वाव मिळावा म्हणून घरी रविवारच्या मैफली सुरू केल्या होत्या. तो गेल्यावर त्या थांबल्या. १८३१ साली फॅनीने त्या पुन्हा सुरू केल्या, आणि या वेळी सूत्रं तिच्या हातात होती. मला ही जागा सगळ्यात गंमतीची वाटते. बाईने बाहेर जायचं नाही ना? मग तिने बाहेरचं जग घरात आणलं. तिकीट नाही, जाहिरात नाही, फक्त आमंत्रण. त्यामुळे कुणाला नाक मुरडायलाही जागा नाही.

तिने बायका-पुरुषांचा एक गायकवृंद जमवला. पुढच्या रविवारी काय गायचं ते ठरवायचं, प्रत्येकाचा सूर बसवून घ्यायचा, तालमी घ्यायच्या, स्वतः पियानोवर बसायचं, हे सगळं तीच करी. कधी बाख, कधी ग्लुक, कधी बेथोव्हन, आणि फेलिक्सच्या रचना तर असायच्याच. त्याच वर्षी बर्लिनमध्ये पटकीची साथ येऊन गेली. साथ ओसरल्यावर फॅनीने गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी मोठी रचना लिहिली. १८३४ साली एकदा वाद्यवृंद घरी आला, तेव्हा हातात काठी घेऊन त्याचं संचालनही तिने केलं. बाईच्या हातात ती काठी तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती, आणि तिला स्वतःलाही संकोच वाटला होता. हळूहळू हे रविवार बर्लिनमध्ये गाजले. लिस्ट, क्लारा शुमान असे नामवंत त्या दालनात येऊन गेले.

तरी छापण्याचं राहिलंच. १८३७ साली आईने फेलिक्सला लिहिलं, की तू तिला जरा प्रोत्साहन दे. त्याने नकार दिला. ती संसारात रमलेली आहे, मी तिला त्यात ढकलणार नाही, असा त्याचा सूर. नवऱ्याची परवानगी होती, आईची इच्छा होती, पण फॅनीला भावाचा होकार हवा होता. मैत्रिणींनो, आपणही असं एखाद्याच माणसाच्या ‘हो’साठी अडून बसतो ना?

अखेर १८४६ साली, चाळिशी गाठल्यावर, तिने फेलिक्सला कळवलं, की मी आता छापणार आहे. विचारलं नाही, कळवलं. लहानपणी वडिलांना भ्यायचे तशी आता भावांना भिते, हेही तिने त्याच पत्रात थट्टेने मान्य केलं. महिन्याभराने त्याचा आशीर्वाद आला. तिची गाणी तिच्या नावाने बाजारात आली आणि ती आनंदली.

पण हा आनंद वर्षभरसुद्धा पुरला नाही. १३ मे १८४७ ला तिने एक नवं गाणं पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, रविवारच्या कार्यक्रमाची तालीम होती, फेलिक्सच्याच एका रचनेची. पियानोवर तिचे हात अचानक बधिर झाले. ती उठून शेजारच्या खोलीत गेली. इकडे गायकवृंद गातच होता. त्याच दिवशी रात्री ती गेली, वय फक्त ४१. तो रविवार उजाडला, पण मैफल झाली नाही. फेलिक्सला हा धक्का सोसला नाही. सहाच महिन्यांत तोही गेला. बर्लिनमध्ये दोघांच्या समाध्या शेजारी-शेजारी आहेत.

तिच्या साडेचारशेहून अधिक रचना, पण बहुतेक पेटाऱ्यात राहिल्या. तिचा एक ‘ईस्टर सोनाटा’ १९७० साली पॅरिसमध्ये सापडला, तेव्हा तो फेलिक्सचाच असणार असं ठरवून टाकलं गेलं. तो फॅनीचा आहे हे २०१० साली एका संशोधक बाईने हस्तलिखितावरून सिद्ध केलं. ८ मार्च २०१७ ला, महिला दिनी, लंडनमध्ये तो तिच्या नावाने वाजला.

परवा मी माळ्यावरची पेटी खाली काढली. आत माझ्याच जुन्या वह्या. वाचून पुन्हा ठेवणार होते, तेवढ्यात फॅनी आठवली. पेटी अजून खालीच आहे. तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल. येत्या रविवारी कपडे भिजवायच्या आधी तेवढी ती बाहेर काढा.