विश्लेषण : चौदा वर्षांनंतर मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची? कर्मवीर भाऊरावांनी काय केले होते?

वसई-विरारमधल्या एखाद्या मुलाने आठवीनंतर शाळा सोडली, तर त्याचा शोध कोणी घ्यायचा? शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली, पण सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. आधी ठाणे, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. हस्तांतराचा विषय वर्षानुवर्षे रेंगाळला. माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी संस्थांच्या आणि आयटीआय राज्याच्या कौशल्य विभागाकडे. म्हणजे मूल एक, कार्यालये चार.

इंग्लंडमध्ये २००८ च्या कायद्याने १८ वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण सक्तीचे करताना स्थानिक प्रशासनावर त्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे असे बंधन नाही. पण नेमक्या याच वयासाठी एका माणसाने महाराष्ट्रात आयुष्य घालवले.

कोण होते भाऊराव?

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातल्या कुंभोजचा. शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतच. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला. बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले. या फिरतीत त्यांना गावोगावची शेतकऱ्यांची मुले दिसली. गावातली शाळा संपली की त्यांचे शिक्षणही संपत होते.

वसतिगृहच का?

कारण अडचण फक्त फीची नव्हती. हायस्कूल तालुक्याला, मूल गावात. राहायचे कुठे आणि खायचे काय? ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. गावांतून धान्य गोळा व्हायचे. ते कमी पडले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या चरित्रात त्यांना बहुतेक वेळा दोन ओळी मिळतात, हे अन्यायाचेच आहे.

१९३५ मध्ये ग्रामीण शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, १९४० मध्ये साताऱ्यात सयाजीराव महाराजांच्या नावाचे हायस्कूल, तर १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज. तिथे ‘कमवा आणि शिका’ ही योजना होती. मुले शेतात, बांधकामावर राबत आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवत. आजच्या भाषेत कौशल्य प्रशिक्षण, पण पदवीला पर्याय म्हणून नाही, पदवीसोबत.

सरकारची साथ होती का?

कधी होती, कधी नव्हती. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, नंतर ते पूर्ववत झाले. मधल्या काळात संस्था लोकांच्या देणग्यांवर टिकली. पण यंत्रणांशी भांडूनही भाऊरावांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही. रयतने गावोगावी व्हॉलंटरी शाळा काढल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षण सरकारी यंत्रणेने घ्यायचे ठरले, तेव्हा या शाळा जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाकडे सोपवण्यात आल्या. रयतचा भर मग हायस्कुले, वसतिगृहे आणि कॉलेजांवर राहिला. कोणी काय चालवायचे, याची ही सरळ वाटणी होती.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

पालघरशी काय संबंध?

जिल्ह्यात मोखाड्याला रयतचे महाविद्यालय आहे. किनाऱ्यावरच्या वसई-विरारची अडचण मात्र वेगळी. इथे शाळा जवळ आहे, लोकलही आहे. पण नालासोपाऱ्याच्या चाळीतला पंधरा वर्षांचा मुलगा वर्गातून गळून कारखान्यात लागला, तर त्याचे नाव महापालिका, जिल्हा परिषद आणि आयटीआय यांच्यापैकी एकाच्या तरी यादीत असावे, असे ठरवणारा आदेश आधी निघावा लागेल.