बिनतारी मार्कोनी आणि त्याच्या तारा



गेल्या महिन्यातल्या वादळी पावसात शाळेच्या गच्चीवरची आपली रेडिओची तार पुन्हा तुटली. ही तिसरी वेळ. एक बांबू पाण्याच्या टाकीवर आडवा झाला, त्याने दुसऱ्यालाही ओढून पाडले, आणि तांब्याची तार शेजारच्या इमारतीच्या केबलमध्ये गुंतली. नववीची मुले उतरलेल्या चेहऱ्याने ऑफिसात आली आणि म्हणाली की सर, आता काढूनच टाकू. काही पालकांचेही तेच मत पडले. हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे त्यांनी विचारले. प्रश्न चुकीचा नाही. मी लगेच उत्तर दिले नाही. या अंकात मार्कोनीचे चरित्र लिहितो, ते वाचा, मग बसून ठरवू, एवढेच म्हणालो.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे मार्कोनी म्हटले की ‘बेतार का तार’ हे शब्द ठरलेले. मराठीत आपण बिनतारी म्हणतो. दोन्हींमुळे असे वाटते की या माणसाने जगातून तार नाहीशी केली. प्रत्यक्षात त्याचे आयुष्य तारा टांगण्यातच गेले. दोन गावांमधली तार गेली हे खरे, पण दोन्ही गावांत आकाशाकडे जाणारी एकेक तार उभी राहिली. ती किती उंच, किती लांब, कशी ताणलेली, यावरच सगळे अवलंबून राहिले. तिलाच आपण एरियल किंवा अँटेना म्हणतो.

गुलिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील जमीनदार आणि हिशेबी. आई ॲनी जेमसन आयर्लंडच्या सुखवस्तू घराण्यातली. मुलगा शाळेत चमकला नाही. नौदलाच्या विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला नाही आणि परीक्षा देऊन मिळवलेली विद्यापीठाची पदवीही त्याच्याजवळ कधी नव्हती. मुख्याध्यापकाने हे छापावे की नाही असा प्रश्न मला पडला, पण खरे ते खरे.

१८९४ च्या उन्हाळ्यात, वीस वर्षांचा असताना, त्याने हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञावरचा एक लेख वाचला. हर्ट्झ त्याच वर्षी १ जानेवारीला वारला होता. विद्युतचुंबकीय लहरी असतात हे हर्ट्झने प्रयोगाने दाखवले, पण ते प्रयोग प्रयोगशाळेतच राहिले होते. या लहरींनी निरोप का पाठवू नये, या विचाराने मार्कोनीला घेरले. पोंतेक्किओ येथील व्हिला ग्रिफोने या त्यांच्या घराच्या माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत असत. आईने ती जागा त्याला दिली. त्या हिवाळ्यात एका रात्री त्याने आईला झोपेतून उठवून वर नेले, कळ दाबली, आणि मध्ये तार नसताना खोलीच्या दुसऱ्या टोकाची घंटा वाजली.

इथे जरा थांबू. ठिणगी पाडण्याचे साधन ऑगस्तो रिगी यांच्या पद्धतीचे होते. लहरी ओळखणारी धातूच्या भुकटीची नळी फ्रान्सच्या ब्रान्ली यांची आणि इंग्लंडच्या लॉज यांनी पुढे वापरलेली. मग मार्कोनीचे स्वतःचे काय? १८९५ साली घराच्या बागेत त्याने यंत्राचे एक टोक खांबावर टांगलेल्या पत्र्याला जोडले आणि दुसरे टोक जमिनीत पुरले. त्याने पुढे स्वतःच दिलेले आकडे वहीत उतरवून घ्या. पत्र्याचे ३० सेंटिमीटरचे चौकोनी डबे २ मीटर उंच खांबावर ठेवले तर निरोप ३० मीटर गेला. खांब ४ मीटरचा केला तर १०० मीटर. ८ मीटरचा केला तर ४०० मीटर. त्याच उंचीवर एक मीटरचे मोठे डबे लावले तेव्हा २४०० मीटर. म्हणजे उंची दुप्पट केली की अंतर सुमारे चौपट होत होते. यंत्र तेच, बॅटरी तीच. घरच्या घरी रेडिओ केंद्र उभारणारे हौशी लोक आजही यंत्रापेक्षा आधी खांबावर पैसे खर्च करतात, त्याचे मूळ इथे आहे.

घरासमोर एक टेकडी होती. तिच्यापलीकडे निरोप पोचला की बंदुकीचा बार काढायचा, असे ठरवून थोरला भाऊ अल्फोन्सो यंत्र घेऊन गेला. बार ऐकू आला. आडव्या टेकडीलाही लहर अडली नव्हती.

१८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली आणि २ जून रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवरून निरोप पाठवताना पहिले काही दिवस काहीच साधेना. अखेर यंत्र कड्यावरून खाली किनाऱ्यावर नेले, तार तेवढीच लांब केली, आणि १३ मे रोजी टकटक स्पष्ट उमटली. पुन्हा तारच!

आपल्या जगदीशचंद्र बोस यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. मार्कोनी गाजण्यापूर्वीच त्यांनी कोलकात्यात फार आखूड लहरींचे प्रयोग जाहीरपणे करून दाखवले होते. पाऱ्याचा ग्राहक त्यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. १९०१ च्या प्रसिद्ध प्रयोगात मार्कोनीने वापरलेला ग्राहक इटलीच्या नौदलातल्या मित्राकडून आला होता, पण त्याची रचना बोस यांच्याच उपकरणाची होती, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. मार्कोनीने हे ऋण मोकळेपणाने मानले नाही. चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आता आपल्या बांबूंकडे येऊ. अटलांटिक महासागर ओलांडायचा म्हणून मार्कोनीने इंग्लंडच्या टोकाला पोल्धू येथे सुमारे ६० मीटर उंचीचे २० खांब वर्तुळात उभे केले. खांबांचे शेंडे एकमेकांना बांधले होते. एक पडला तर सगळे पडतील, अशी शंका व्हिव्हियन या त्याच्या अभियंत्याने आधीच काढली होती. १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळात तसेच झाले. नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेत केप कॉड येथील तसेच वर्तुळही कोसळले. दोन महिन्यांत दोन्ही किनारे भुईसपाट! आपले दोन बांबूही तारेनेच एकमेकांना ताणून धरले होते. पोल्धूची चूक आपण दिलसुखनगरात केली.

मार्कोनीने हाय खाल्ली नाही. पोल्धूला दोनच खांब उभे करून त्यांच्यामध्ये पंख्यासारख्या ५४ तारा सोडल्या. डिसेंबरात तो दोन सहकाऱ्यांसह न्यूफाउंडलंडला गेला. तिथे खांब उभारायला वेळच नव्हता, म्हणून फुगे आणि पतंग नेले होते. वाऱ्याने फुगा तोडून नेला, एक पतंगही गेला. १२ डिसेंबर १९०१ रोजी सिग्नल हिल या टेकडीवर दीडशे मीटर तार घेऊन एक पतंग तरला. दुपारी साडेबाराच्या सुमारास कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात मार्कोनीला तीन ठिपके, म्हणजे मोर्स लिपीतला एस, ऐकू आले. पोल्धू तिथून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर होते.

संक्रांतीला आपल्या शहरात किती पतंग उडतात हे तुम्ही जाणता. म्हणून बजावून सांगतो, धातूची तार बांधलेला पतंग कोणीही, कधीही उडवू नये. आपल्या गल्ल्यांत विजेच्या तारा गच्चीच्या हाताशी आहेत आणि इथे जीव जातो.

त्या तीन ठिपक्यांवर आजही सगळे अभ्यासक विश्वास ठेवत नाहीत. ते फक्त मार्कोनी आणि त्याचा सहकारी केम्प यांनी ऐकले होते, कागदावर नोंद उमटली नव्हती, आणि भर दुपारी त्या लहरी इतक्या दूर जाणे कठीण. मार्कोनीलाही टीका झोंबली असावी. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया या जहाजावर यंत्र घेऊन निघाला आणि या वेळी निरोप कागदाच्या पट्टीवर उमटवून घेतले. रात्री ते सुमारे अडीच हजार किलोमीटरपर्यंत आले, दिवसा मात्र ११०० किलोमीटरच्या पुढे नाही. आपल्या रेडिओवर दूरची केंद्रे रात्रीच का लागतात, असे मला आठवीच्या एका मुलीने विचारले होते. वातावरणात फार उंचावर विद्युतभारित थर असतात. काही लहरी त्यांच्यावरून परत जमिनीकडे वळतात. दिवसा उन्हामुळे त्यातला खालचा थर लांब लहरींना शोषून घेतो, रात्री तो विरतो.

पुढची वर्षे मानसन्मानाची. १९०९ मध्ये त्याला जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हा त्याच्या कंपनीच्या तारायंत्र्यांनी पाठवलेल्या हाकेमुळे सातशेहून अधिक माणसे वाचली. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला.

त्याच्या उतारवयातली एक गोष्ट हौशी रेडिओवाल्यांना फार प्रिय आहे. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटरपेक्षा आखूड लहरी देऊन टाकल्या होत्या, कारण त्या निरुपयोगी समजल्या जात. डिसेंबर १९२१ मध्ये याच लोकांच्या छोट्या घरगुती केंद्रांचे संकेत अटलांटिकपार स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. मार्कोनी तेव्हा अवाढव्य केंद्रे आणि लांब लहरी यांत गुंतला होता. त्याने आपला रस्ता बदलला. चार्ल्स फ्रँकलिन या सहकाऱ्याबरोबर त्याने आखूड लहरी एकाच दिशेने फेकणारी अँटेना तयार केली. तारांचा एक उभा पडदा, त्याच्यामागे आरशासारखा दुसरा.

आणि इथे मार्कोनी आपल्या मुलखात येतो. भारत आणि इंग्लंड यांच्यातली ही बीम सेवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला, ऐकणारे दौंडला. समोर इंग्लंडमध्ये ग्रिम्सबी आणि स्केगनेस. दोन केंद्रे वेगळी ठेवायचे कारण सोपे आहे, शेजारी कोणी ओरडत असेल तर लांबची कुजबुज कशी ऐकू येणार? हैदराबादहून सोलापूरमार्गे मुंबईला जाणाऱ्या आपल्या गाड्या ही दोन्ही स्टेशने ओलांडतात. पुढच्या वेळी मामाच्या गावाला जाताना खिडकीतून बघा. केबल येण्याआधी आपल्या प्रत्येक गच्चीवर माशाच्या काट्यासारखी टीव्हीची अँटेना असे. तिची रचना १९२६ मध्ये जपानच्या उदा आणि यागी यांनी प्रसिद्ध केलेली आहे. तिच्यातली मागची सर्वांत लांब दांडी तेच आरशाचे काम करी.

मार्कोनीचे शेवटचे पर्व मला आवडत नाही. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला, १९३० पासून मुसोलिनीच्या राजवटीत रॉयल अकादमीचा अध्यक्ष होता, आणि तिथे ज्यू विद्वानांना दूर ठेवण्यात त्याचा हात असल्याचे कागद पुढे सापडले. २० जुलै १९३७ रोजी तो रोममध्ये वारला. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधील रेडिओ केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली. त्याची समाधी व्हिला ग्रिफोनेच्याच आवारात आहे, ज्या माळ्यावर घंटा वाजली त्याच्या खाली.

आता आपली गच्ची. आपल्याकडे परवाना नाही, म्हणून आपण फक्त ऐकतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही सरकारी परीक्षा देऊन पाठवण्याचा परवाना मिळू शकतो. १९८३ मध्ये स्थापन झालेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमेच्युअर रेडिओ ही संस्था आपल्या हैदराबादचीच आहे. ४० मीटर बँडसाठी तार किती लागेल ते मुलांनी काढलेच आहे, १४३ ला ७.१ ने भागले की साधारण २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. या वेळी दोन बांबू नकोत. मधोमध एकच लोखंडी खांब, त्याला तीन दिशांनी स्वतंत्र ताण, आणि तारेची दोन्ही टोके खाली उतरती, उलट्या व्हीसारखी. वाऱ्यासाठी तारेत थोडी ढिलाई हवी. केबलचा सांधा नीट बंद केला नव्हता, त्यात पाणी शिरून आतली जाळी हिरवी पडली होती. ती फेकून दिली आहे. आकाशात गडगडाट सुरू झाला की केबल यंत्रापासून काढायची, हे काम एकाच विद्यार्थ्याच्या नावावर राहील आणि ते नाव फळ्यावर लिहिले जाईल. विजेच्या तारांच्या बाजूला कोणी जाणार नाही, आणि मोठ्यांशिवाय गच्चीचे दार उघडणार नाही.

पालकांनी आपले मत डायरीत लिहून पाठवावे. खांबाचा खर्च शाळा करील. नायलॉनची दोरी मी रविवारी आणून ठेवली आहे.