गणिततिलक महावीराचार्य आणि त्यांची एक संख्या

भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर सुमारे १४०० वर्षांनी त्यांचेच नाव धारण करणारा एक थोर जैन गणितज्ञ दक्षिणेत होऊन गेला. महावीराचार्य हे दिगंबर परंपरेतील. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या कारकिर्दीत (इ. स. ८१४ ते ८७८), ८५०च्या सुमारास, त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड. उत्तर कोकण त्या वेळी राष्ट्रकूटांच्या मांडलिक शिलाहारांकडे होते, आणि बोरिवलीनजीकच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत अमोघवर्षांचा उल्लेख आहे. वर्सोव्याचा किनारा तेव्हा त्याच छत्राखाली होता.

आचार्यांनी स्वतःचे कुल, गाव, मातापिता यांविषयी एक अक्षरही लिहून ठेवले नाही. ग्रंथारंभी जिनेंद्रांना वंदन, सम्राटाची स्तुती, आणि लगेच गणित! त्यांचे चरित्र शोधायचे ते त्यांच्या उदाहरणांतच.

व्याज, भागीदारी, सोन्याचा कस असे व्यापाऱ्याच्या रोजच्या उपयोगाचे विषय त्यात आहेतच. परंतु केवळ संख्येच्या सौंदर्यासाठी दिलेली उदाहरणेही आहेत. त्यांतील एक संख्या १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी व पुन्हा क्रमाने एकावर उतरणारी, असे तिचे वर्णन आचार्य करतात. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच राहते. सहा वेळा एक लिहून होणाऱ्या ११११११ या संख्येचा हा वर्ग. तिच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे सहाचा वर्ग.

ही संख्या आचार्य २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून मिळवितात. कागद घेऊन पडताळावे. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे पुन्हा सहा एकक. ३, ७, ११, १३ आणि ३७ या पाच अविभाज्य संख्यांचा तो गुणाकार. अशी निवड योगायोगाने होत नाही. गुणक शोधणाऱ्यास संख्येचे अंतरंग ठाऊक होते. अशा गुणाकारांना त्यांनी कंठ्याची उपमा दिली आहे.

ऋण संख्येस वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र आज ग्राह्य नाही. जैन म्हणून अभिमान बाळगताना तेही नमूद करणे उचित.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. पुढे अनेक शतके तो हस्तलिखितांत पडून राहिला. १९१२ साली मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो छापला, तेव्हा कोठे जगाला आचार्यांचा परिचय झाला. १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला.