निर्भय न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

रेडीसारख्या आपल्या किनाऱ्यावरील गांवांत माडांच्या बागेचा गडगा हातभर सरकला कीं दोन घरांत वैर पडतें. पंच जमतात; परंतु एक पक्ष श्रीमंत व दुसरा गरीब असला म्हणजे खरें ठाऊक असणारेहि खालीं पाहूं लागतात. अशा वेळीं ज्यानें राज्याच्या धन्यालाहि खुनाचा दोषी ठरविलें, त्या न्यायाधीशाचें चरित्र स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्यानजीक, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील माहुलीचे. तरुणपणापर्यंत ते निरक्षर असून सावकाराच्या घरीं चाकरी करीत, अशी आख्यायिका आहे. पुढें काशीस जाऊन त्यांनीं धर्मशास्त्राचें अध्ययन केलें. १७५१ सालीं ते पुण्यास पेशव्यांच्या पदरीं राहिले व १७५९ सालीं मुख्य न्यायाधीश झाले. एवढा अधिकार हातीं असतांहि त्यांची राहणी साधी होती, आणि लांच देण्याची कोणाची छाती होत नसे. थोरले माधवराव पेशवे कारभार बाजूस ठेवून जपांत मग्न होऊं लागले, तेव्हां प्रजेचें रक्षण करावें, नाहींतर गादी सोडून गंगातीरीं जावें, असें शास्त्रीबोवांनीं त्यांस बजाविलें व माधवरावांनीं तें मानिलें, असें सांगतात.

१७७२ सालीं माधवराव वारले व त्यांचे धाकटे बंधु नारायणराव गादीवर बसले. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं त्या तरुण पेशव्यास ठार केलें, आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. संशय त्यांच्यावरच होता. पण बोलणार कोण? शास्त्रीबोवांनीं शांतपणें चौकशी केली, पुरावा पाहिला, आणि या पातकास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाहीं, असा निर्णय रघुनाथरावांस तोंडावर सांगितला. मग अशा धन्याची चाकरी नको म्हणून त्यांनीं पद व पुणें दोन्ही सोडलीं आणि वाईजवळच्या एका खेड्यांत ते जाऊन राहिले.

पुढें बारभाईंनीं रघुनाथरावांस दूर सारिलें व शास्त्रीबोवांस मानानें परत बोलाविलें. १७८९ सालीं त्यांचा अंत झाला.

रघुनाथरावांस मात्र देहान्त शिक्षा झाली नाहीं. ते १७८३ सालीं कोपरगांवीं वारले. मग तो निर्णय व्यर्थ गेला काय? नाहीं. शिक्षा अमलांत आणणें न्यायाधीशाच्या हातीं नव्हतें. खरें बोलणें हातीं होतें, आणि तें त्यांनीं केलें. दाविद राजासमोर उभ्या राहिलेल्या नाथान संदेष्ट्याचेंहि काम तेवढेंच होतें.

रामशास्त्री आपल्या धर्माचे नव्हते. तथापि नियमशास्त्र ज्यांस मिळालें नाहीं त्यांच्याहि अंतःकरणांत देवानें आपला नियम लिहिला आहे, ही पौलाची शिकवण त्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसते. तर ज्यांच्या घरीं पवित्र शास्त्र उघडें आहे त्यांनीं गडग्याच्या तंट्यांत गरिबाच्या बाजूची खरी साक्ष देतांना मान खालीं घालावी काय? याचा विचार आपण प्रत्येकानें प्रभूसमोर करावा.